डहाणूच्या खाडीत टेकलेली होडी

आमची होडी डहाणूच्या खाडीत चिखलावर टेकली तेव्हा दुपार कलायला लागली होती. समोर धाकटी डहाणू, माझं माहेर. भावाच्या घराचं छप्पर, त्याच्यापुढे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, जेट्टीवर टोपल्या धुणाऱ्या बायका, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. पण मधे ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल होता. पुन्हा भरती येईपर्यंत होडी जागची हलणार नव्हती.

"थोडक्यात हुकलं," भाऊ म्हणाला. "जरा आधी आलो असतो तर जेट्टीला लागलो असतो."

त्याला हळहळ वाटत होती. मला मात्र बरं वाटलं, कारण मला जमिनीवर उतरायचंच नव्हतं.

जमिनीची ही भीती माझ्या मनात कशी बसली ते सांगते. लग्न होऊन मी धाकट्या डहाणूहून तलासरीच्या बाजूला गेले. हे तिथल्या शाळेत शिक्षक. भाताच्या शेतांच्या कडेला आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं, विटांच्या भिंती आणि वर कौलं. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. आमची मुलगी लग्न होऊन वापीला गेलेली. घरात आम्ही तिघंच. २०१८ची दिवाळी झाली आणि थोड्याच दिवसांत जमीन हादरायला लागली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कुठेतरी खाणीत सुरुंग लावलाय. आधी आवाज यायचा. वरून नाही, खालून, पायांच्या तळव्यांना ऐकू यावा तसा. मग फळीवरची भांडी वाजायची, कौलांतून माती गळायची, आणि आपण काय करावं हे सुचेपर्यंत सगळं थांबलेलं असायचं. एकदा झालं असतं तर विसरून गेलो असतो. पण ते थांबेना. आठवडाभर काही नाही, मग एका दिवसात तीनदा. शाळेचे वर्ग झाडाखाली भरायला लागले. गावात तंबू आले. थंडीत लोक तान्ही मुलं घेऊन बाहेर झोपायला लागले.

आम्हीही अंगणात तंबू लावला. ह्यांना आणि मला त्यात जागा होती, सासूबाईंनाही होती. पण त्या आल्या नाहीत.

"या थंडीत तुमच्या तंबूत मी गारठून मरेन," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा माझ्या खाटेवर मरेन. घर काय मला गिळतंय?"

त्या आत झोपायच्या, आम्ही बाहेर. मी तर दिवसाही घरात जायला धजेना. स्वयंपाक अंगणात. न्हाणीचं दार लावणं मी सोडून दिलं. डोकं धुवायचं असलं की ह्यांना दाराबाहेर उभं करायची आणि साबण डोळ्यांत गेला तरी डोळे मिटायची नाही. रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी मी उठून बाहेर धावायची. पाय जमिनीला लागले की वाटायचं, आता हलेल. हलायची नाही तेव्हा जास्त भीती वाटायची. जानेवारी उजाडेपर्यंत माझी झोप पार गेली होती.

अशात एका रविवारी भाऊ आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची होडी वैतरणेच्या खाडीत, आतल्या एका गावात, होडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला होती. तळाच्या फळ्या बदलल्या होत्या, नवीन इंजिन बसवलं होतं. ती आता खाडीतून बाहेर काढून, समुद्राने डहाणूला आणि तिथून पुढे झाईला न्यायची होती. झाईला त्याची सासुरवाडी. या मोसमात मेव्हण्याबरोबर तिथूनच मासेमारी करायची असं ठरलं होतं.

"पण मेव्हणा टायफॉइडने पडलाय," तो म्हणाला. "आणि नवीन इंजिन, सारखं बघावं लागणार. सुकाणू धरायला तरी एक माणूस पाहिजे."

"मी येते," मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.

आमच्यात बायका मासळी विकतात, सुकवतात, जाळी ओढायला चिखलात उतरतात, पण होडीवर जात नाहीत. मी कोळ्याची मुलगी असून खाडीच्या तोंडापलीकडे कधी गेले नव्हते. मला पोहताही येत नव्हतं.

"ताई, तुला पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला.

"वाटते."

"मग?"

"होडीत खाली जमीन नसते ना."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी लगेच मान डोलावली. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. "चार दिवस झोप तरी लागेल. आईला मी बघतो."

सासूबाई आतून ओरडल्या, "मला कोणी बघायची गरज नाही!"

भाऊ आणि मी गाडीने सफाळ्याला उतरलो आणि रिक्षाने त्या गावात गेलो. होडीला ताज्या लाकडाचा आणि तेलाचा वास येत होता. दोन्ही बाजूंना तिवरं, मधे चहाच्या रंगाचं पाणी, आणि एका वळणानंतर दुसरं वळण. नवीन फळ्यांमधून थोडं पाणी आत झिरपत होतं. ते पाहून मी पाय वर घेतले.

"लाकूड पाणी पिऊन फुगलं की आपोआप बंद होतं," भाऊ म्हणाला. "तोवर हा डबा घे आणि उपसत राहा."

मी उपसत राहिले. हाताला काम होतं म्हणून बरं होतं. थोड्या वेळाने झिरपणं कमी झालं, ऊन अंगावर आलं, आणि मी डबा हातात धरूनच झोपले. कितीतरी दिवसांनी अशी झोपले होते. भावाने उठवलं नाही. एका हाताने सुकाणू धरून तो इंजिनाकडे वाकून वाकून बघत होता. मला नेलं होतं मदतीला, आणि मी झोपून राहिले. रात्री खाडीच्या तोंडाआत नांगर टाकला तेव्हाही मी गाढ झोपले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी दातिवऱ्याच्या पुढे समुद्र लागला आणि ते सगळं संपलं. खाडीतलं पाणी नुसतं वाहतं. समुद्राचं पाणी खालून उचलतं आणि सोडतं. दर वेळी होडी खाली आली की माझं पोट वरच राहायचं. मी सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि भाऊ सांगेल तसं वळवत होते. "जरा समुद्राकडे. आता सरळ. सरळ म्हटलं ना, ताई!" उजवीकडे केळव्याची सुरूची झाडं रेषेसारखी दिसत होती. ती जवळ असावीत असं मला वाटायचं आणि ती जवळ आली की भाऊ ओरडायचा.

सातपाटी यायच्या आधी इंजिनाचा आवाज जड झाला आणि एकदम बंद पडला.

भावाने मागे वाकून पाहिलं. "पंख्यात दोरी गुंतली," तो म्हणाला. कोणाच्यातरी फाटक्या जाळ्याची दोरी पाण्यात तरंगत होती, ती इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळली गेली होती.

त्याने नांगर टाकला. नांगर पकडेना, तळाच्या चिखलातून घसरत राहिला. आणि आम्ही ज्या बाजूला सरकत होतो तिथे पाण्यातून खांब वर आलेले होते, डोल जाळी बांधायला समुद्रात रोवतात ते. माणसाच्या कमरेएवढे जाड. त्यांच्यावर पाणी आपटत होतं तो आवाज आमच्यापर्यंत येत होता.

भावाने शर्ट काढला, कमरेला दोरी बांधली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि सुरी दातांत धरली. मग पुन्हा काढून म्हणाला, "नीट ऐक. मी एकदा ओढलं तर ढील दे. दोनदा ओढलं तर वर खेच."

"एकदा ढील. दोनदा खेच."

तो खाली गेला. पाणी गढूळ होतं, तो लगेच दिसेनासा झाला. दोरी माझ्या हातात हलत होती. ती लाटेने हलत होती की तो ओढत होता, मला कळेना. एकदा जोरात हिसका बसला. मी मनात म्हणत होते, एकदा म्हणजे काय, ढील की खेच? तेवढ्यात पुन्हा हलली. हे दुसरं धरायचं का? मला काही सुचलं नाही. मी पाय टेकवून होती तेवढी ताकद लावून खेचलं.

तो खोकत वर आला. "काय करतेस! एकदाच ओढलं होतं!"

"मला वाटलं तू बुडतोयस!"

"बुडवशील तू मला!" असं म्हणून तो पुन्हा खाली गेला.

तेवढ्यात होडी पहिल्या खांबाला घासली. लाकडावर लाकूड करकरलं आणि तो आवाज फळ्यांतून माझ्या पायांत चढला. माझा भाऊ होडीच्या खाली होता. होडी अजून वळली असती तर तो होडी आणि खांबाच्या मधे सापडला असता. मी एका हाताने दोरी धरली, दुसरा हात खांबाला लावून ढकलायला लागले. खांबाला शिंपले चिकटलेले होते, तळहात फाटला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. फक्त एकदा, दोनदा, एकदा, दोनदा, एवढंच मी पुटपुटत होते.

मग दोन हिसके आले. स्पष्ट. मी खेचलं. तो वर आला, होडीच्या काठाला लोंबकळत राहिला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "निघाली."

इंजिन चालू झालं. खांबांपासून दूर गेल्यावर त्याने माझा हात पाहिला आणि स्वतःचा गमछा फाडून बांधून दिला. त्याच्याही बोटांवर सुरी लागली होती.

"घाबरलीस?"

"हो."

"मीपण," तो म्हणाला, आणि इंजिनाकडे वळला.

त्या रात्री आम्ही सातपाटीच्या बंदरात राहिलो. ह्यांना फोन केला. दोन बारीक धक्के झाले, बाकी ठीक, आई जेवली, असं म्हणाले. खांबाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तारापूरच्या बाजूला किनाऱ्यापासून चांगलं लांब राहून आम्ही वर आलो आणि डहाणूच्या खाडीत शिरलो ते नेमके ओहोटी भराभर उतरत असताना.

तर तिथे, अर्ध्या वाटेवर, चिखलात आम्ही बसून होतो. भावाने स्टोव्ह पेटवून चहा केला. झाई अजून पुढे होती, बोर्डीच्या पलीकडे. तो म्हणाला, "भरती आली की जेट्टीला लागू. आज घरी जेवू, झोपू, उद्या निघू."

"तू जा घरी. मी होडीतच थांबते."

"रात्रभर?"

"हो."

"आणि झाईला पोहोचल्यावर?"

मी चहा पीत खाडीकडे बघत विचार करत होते. समुद्रात मी आदल्या दिवशी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात घाबरले नव्हते. तरीही मला समुद्र बरा वाटत होता. लाट येताना दिसते. खांब दिसतो. हात लावून ढकलता येतो, नाही ढकलला गेला तरी आपण ढकलून पाहिलं असं वाटतं. तलासरीत मी काय ढकलणार होते? तिथे भीतीला तोंडच नव्हतं. आपण भात वाढत असतो आणि ती ताटाखाली असते. मग मनात आलं, मी इथे चहा पितेय आणि सासूबाई त्या कौलांखाली बसल्यात. मला पळता आलं म्हणून मी पळाले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना तंबूत खाली उठबस करता येत नाही, हे मला ठाऊक होतं. थंडीचं त्या नुसतं म्हणायच्या. हे एवढे दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही, असा विचार करत होते आणि कप खाली ठेवत होते.

तेवढ्यात धम्म असा आवाज झाला.

चिखलावरचे बगळे सगळे एकदम उडाले. बारीक खेकडे, लाल ठिपक्यांसारखे सगळीकडे पसरलेले, क्षणात बिळांत गेले. आणि होडी थरथरली. पाण्यात असते तशी डुलली नाही. घर थरथरतं तशी थरथरली. उपसायचा डबा फळीवर वाजत वाजत सरकला.

भाऊ इंजिनाकडे पाहत म्हणाला, "मी तर बंद केलंय."

त्याने माझा चेहरा पाहिला तेव्हा त्याला कळलं. त्यांच्याकडेही अधूनमधून हादरे जाणवत होते, पण एवढा मोठा त्याने अनुभवला नव्हता. जेट्टीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. गावातून कुत्र्यांचा आवाज यायला लागला.

डहाणूत एवढा जाणवला, तर तिकडे काय झालं असेल?

मी ह्यांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. भाऊ त्याच्या फोनवरून लावत होता. शेजाऱ्यांचा, शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा, कोणाचाच लागेना. मग ह्यांचाच आला. मागे खूप गलका होता.

"घराची मागची भिंत पडली," ते म्हणाले.

"आई?"

"काढलं बाहेर. तू..." आणि फोन तुटला.

काढलं म्हणजे कसं काढलं? जिवंत माणसालाही काढतात आणि मेलेल्यालाही. मी पुन्हा लावत राहिले आणि तो लागला नाही.

"भरती यायला वेळ आहे," भाऊ म्हणाला.

मी साडी गुडघ्यांवर खोचली.

"ताई, थांब, चिखल खोल आहे. थांब म्हणतो ना!" त्याने होडीतली एक फळी उचलली, चिखलावर टाकली, दुसरी तिच्यापुढे. मी पहिल्या फळीवर उतरले, माझ्यामागे तो. तो मागची फळी काढून पुढे टाकायचा, मी पुढे सरकायची. पण फळ्या दोनच, आणि मला धीर नव्हता. मधेच मी चालायला गेले आणि मांडीपर्यंत रुतले. पाय निघेना. खाली धरून ठेवणारी जमीन, आणि ती आता हलली तर, हा एकच विचार डोक्यात होता. माझ्या तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघाला. भाऊ पोटावर आडवा होऊन फळीवरून माझ्यापर्यंत आला, काखेत हात घालून त्याने मला ओढलं आणि शिव्या देत, रडत, आम्ही दोघं काठाला लागलो. जेट्टीवरच्या बायकांनी हात दिले. भावजय धावत आली. तिने लगेच शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली.

रिक्षात अंगावरचा चिखल वाळत होता तशी कातडी ताणत होती. रस्त्याने सगळीकडे माणसं घराबाहेर उभी होती. भाऊ शेजारी बसून फोन लावत होता. "रिंग जातेय," असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा कोणी उचलला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. घर समोरून पूर्वीसारखंच दिसत होतं. मागून मात्र आतली खोली उघडी पडली होती, खाटेवर विटा आणि फुटकी कौलं. खाटेवर कोणी नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. मला हाक मारायची हिंमत होईना.

"अगं बाई," कोणीतरी म्हणालं. "ही कुठे लोळून आली?"

सासूबाई आंब्याखाली शेजाऱ्यांच्या खाटेवर बसल्या होत्या. कपाळाला पट्टी, उजवा हात फडक्याने गळ्यात अडकवलेला. भिंत पडली तेव्हा त्या आतल्या खाटेवर नव्हत्या, दाराजवळ स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. कौलं अंगावर आली तेव्हा शेजारच्या दोघी बायकांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं होतं. हे शाळेतून धावत आले तोवर त्या बाहेर होत्या.

मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी चांगल्या हाताने माझ्या केसांतला वाळका चिखल काढला. मग अगदी हळू, ह्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "मला आत नको नेऊस."

"नाही नेत."

"तंबूतपण नको. खाली बसता येत नाही मला."

"माहीत आहे, आई," मी म्हटलं.

मनगट मोडलं होतं. तलासरीच्या दवाखान्यात प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना धाकट्या डहाणूला नेलं. भावजयीने अंगणात, बोंबलांच्या बांबूंजवळ, त्यांची उंच खाट घातली आणि वर ताडपत्री बांधली. माझा हात धरल्याशिवाय त्या डोळे मिटेनात. इतकी वर्षं ज्या बाईला मी वचकून होते ती माझी बोटं घट्ट धरून झोपायची, आणि मी तिच्या उशाशी जागी बसायची, जमिनीला पाय न लावता, खाटेच्या दांड्यावर टेकवून.

होडी तोवर गावातल्या लोकांनी भरतीला जेट्टीला आणून लावली होती. भाऊ दोन दिवस इंजिन साफ करत बसला. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "झाईला कधी जायचं?"

"मी दुसरं कोणी बघतो."

"कोण आहे दुसरं?"

कोणी नव्हतं. आम्ही भरतीला निघालो. सासूबाईंना भावजयीने सांभाळलं, त्या आता तिचाही हात धरून झोपायच्या. डहाणूचा किनारा मागे पडला, मग बोर्डीची सुरूची झाडं आली, आणि मी सगळ्या वाटेत घाबरलेली होते. पाण्याला घाबरले, खांबांना घाबरले, आणि आता पाण्याखालच्या जमिनीलाही. झोप तर आलीच नाही. पण सुकाणू मी एकदाही सोडलं नाही, आणि झाईच्या खाडीत वळताना भावाने मला काही सांगितलं नाही, मीच वळवलं.

भावाच्या सासुरवाडीच्या माणसांनी जेवायला थांबायचा आग्रह केला. मी थांबले नाही. तिथून तलासरीकडे जाणारी गाडी मिळाली आणि मी ह्यांच्याकडे परतले. ते तंबूबाहेर खुर्चीवर बसून वह्या तपासत होते. मला पाहून उठले.

"तू तिकडेच राहायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही एकटे होतात."

त्या रात्री काही झालं नाही. सकाळी अंगणात चहा उकळत असताना खालून आवाज आला. मी पळाले नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरलं. फडकं घ्यायचं सुचलंच नाही.